वादळवीरासाठी लावलेला कौल

वरचीवाडी, पालीजवळ,
जि. रत्नागिरी
रविवार, १८ जानेवारी २०२६

चिरंजीव स्वरूप यास,

काकाचा आशीर्वाद. काकीचा वेगळा लिहितो, कारण माझ्या आशीर्वादात तिचा धरलेला तिला चालत नाही. सानवी दापोलीला कॉलेजात बरी आहे. गाय व्याली, पाडी झाली. आंब्याला मोहोर दिसतो आहे, पण थंडी दोन दिवस येते नि पाहुण्यासारखी निघून जाते.

दिवाळीत तू तुमच्या कंपनीचा नवा गेम, 'वादळवीर भाग दोन', आमच्या टीव्हीला जोडून गेलास. म्हणालास, "काका, बाजारात जायच्या आधी तुम्ही खेळा आणि गुणदोष लिहून पाठवा. ज्याला गेममधलं काही कळत नाही असा माणूस हवाय." एवढा मान मला पंचायतीतही कुणी दिला नव्हता. मग तू फोनवर फॉर्म पाठवलास. त्यात प्रत्येक प्रश्नापुढे पाच चांदण्या. 'कथा कशी वाटली?' पाच चांदण्या. मला चांदण्यांत बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

निघताना तू आणखीही एक बोललास. यंदा शिमग्याला ग्रामदेवी नवलाईची पालखी आपल्या दारापुढच्या खळ्यात आली पाहिजे, आणि त्यासाठी मी आणि तुझ्या बाबांनी एकमेकांशी बोललं पाहिजे. गावकीचा निर्णय तुला ठाऊक आहे. आम्हा दोघा भावांच्या मधला चिऱ्यांचा गडगा खळ्यात उभा आहे तोवर पालखी दोघांपैकी कुणाच्याच दारात यायची नाही. तुझं बोलणं मी विसरलेलो नाही. पण आधी गेमचं लिहितो.

पहिला गुण म्हणजे उडणं. पहिल्या भागात, तू गणपतीत खेळायला दिला होतास त्यात, वादळवीर उडायचा तो एखाद्याने छपरावरून फेकून दिल्यासारखा. आता तो घारीसारखा तरंगतो. वारा कुठून येतो ते अंगाला कळतं. मी पहिले कितीतरी दिवस कुणालाही मारलं नाही, नुसता उडत होतो. खाली गुंड बँक लुटत होते, लोक "वादळवीर, वाचव!" म्हणून ओरडत होते, आणि मी समुद्रावरून फेरी मारून येत होतो. काकी म्हणाली, "अवो, ती बाय कवापासनं बोंबलतेय, जरा बगा तरी." तेव्हा कुठे खाली उतरलो.

या उडण्यापायी एक घोटाळा झाला, तो तुझ्या कानावर आलाच असेल. मी वाडीचं पाणी सोडायला सकाळी व्हॉल्व्ह फिरवला आणि टाकी भरेपर्यंत जरा खेळावं म्हणून घरी आलो. वरून शहर बघत बसलो. टाकी भरली, वाहिली, आणि खालच्या आळीत कुणाची वाळत घातलेली उडदाची डाळ पोहू लागली. सगळ्या बाया दारात. त्यातल्या एकीने आत डोकावून टीव्ही बघितला आणि म्हणाली, "ह्यो मानूस गावाला पानी देतो आनि सोता हवेत असतो." हे मी गुणात धरतो. गेममध्ये माणूस हरवतो, याचा तो पुरावा आहे.

दुसरा गुण, मारामारी मनासारखी होते. बटण दाबलं की ठोसा लागतोच, मागच्यासारखा हवेत जात नाही. तिसरा, आता दोघांना एकत्र खेळता येतं. पण हे मी डब्यावर वाचलं. काकी बसायला तयार नाही, त्यामुळे दुसरा रिमोट अजून प्लास्टिकमध्येच आहे.

आता दोष. रागावू नकोस.

शहरात मांजरं फार अडकतात. प्रत्येक झाडावर एक. इकडे लोहवीर धरण फोडायला निघालेला, आणि वादळवीराला म्हातारी सांगते की आधी माझं मांजर उतरव. पहिलं मांजर उतरवताना मला पुण्य केल्यासारखं वाटलं. नंतर नंतर मी झाडाकडे बघायचंच सोडलं. गुंडही तेच तेच आहेत. लाल टोपीवाल्याला मी इतक्यांदा मारलं की आता त्याच्या घरच्यांची काळजी वाटते.

समुद्राला ओहोटी नाही. मी मुद्दाम किनाऱ्यावर वाट बघत उभा राहिलो. पुण्यात बसून समुद्र केला की असं होतं. वादळवीर काही खात नाही. एवढा उडतो, एवढा लढतो, पण कुणी त्याला साधं "बस, पाणी घे" म्हणत नाही. त्याच्या शक्ती वाढवायच्या तर एक मोठं झाड उघडतं, त्याला फांद्या, फांद्यांना कुलपं. मी एकच कुलूप उघडलं, ते नुसता त्याचा पोशाख बदलायचं निघालं.

आणि एकदा तो भिंतीत अडकला. अर्धा आत, अर्धा बाहेर. सगळं बंद करून परत चालू केलं तेव्हा सुटला. तुझे बाबाही तसेच आहेत, पण त्यांना बंदचालू करायचं बटण नाही. हे वाक्य खोडणार होतो, राहू दे.

सर्वांत मोठा दोष कथेचा. पहिल्या भागात वादळवीर आणि लोहवीर जिवाला जीव देणारे मित्र होते. दुसरा भाग सुरू होतो तोच लोहवीर वैरी झालेला आहे. लोखंडी चिलखत अंगावर चढवून शहराच्या पलीकडच्या अंगाला राहतो. का फाटलं? कुठेच सांगितलेलं नाही. मी पुन्हा पहिल्यापासून खेळून बघितलं, की माझ्याकडून काही निसटलं का. नाही. भांडण असं आपोआप होत नाही रे. तू कंपनीत गोष्ट लिहिणाऱ्यांत आहेस, हे तुला मी काय सांगू.

(आमचं का फाटलं ते तू विचारलं होतंस. ते पुढच्या वेळी.)

आता माझी अडचण. मी शेवटाला येऊन थांबलो आहे. लोहवीर गुडघ्यावर पडला आहे आणि पडद्यावर दोन पाट्या आल्या आहेत. 'संपव' आणि 'सोड'. मी टीव्ही तसाच थांबवून ठेवला आहे. गुंडांचं वेगळं, ते रोज उठून परत येतात. पण हा जुना जोडीदार आहे, आणि बटण माझ्या अंगठ्याखाली आहे. माझ्याच्याने निर्णय होत नाही. गाय विकायची असो, विहीर कुठे खणायची असो की सानवीला दापोलीला पाठवायचं असो, मी आजवर देवीला विचारल्याशिवाय केलं नाही. माघी पौर्णिमेला देवळात जाऊन कौल लावीन म्हणतो. काकी हसते आहे. हसू दे.

गडग्याच्या अलीकडून,
तुझा काका,
भिकू


वरचीवाडी
सोमवार, २ फेब्रुवारी २०२६

चिरंजीव स्वरूप यास,

काकाचा आशीर्वाद. काकीचा वेगळा, आणि आज तुझ्या आईचाही, ती इथेच काकीबरोबर कुळीथ पाखडते आहे. यावरून तू काय ओळखायचं ते ओळखशील, पण मी क्रमाने सांगतो. फोनवर तुला निरनिराळ्या लोकांनी निरनिराळं सांगितलं असेल. त्यात कोयत्याचा उल्लेख असेल, तर घाबरू नकोस.

काल पौर्णिमा म्हणून देवळात बरीच माणसं होती. तुझी आईही ओटी भरायला आली होती. मी संदेश गुरवाला म्हटलं, कौल लावायचा आहे. देवीसमोर गेमचं नाव घ्यायची मला लाज वाटली, म्हणून मी मोघम बोललो. माझं चुकलं असेल तर ते इतकंच.

"काय इचारायचंय, भिकूदा?"

"एकाला मारायचं की सोडायचं, तेवढं इचार."

संदेशच्या हातातला तांब्या तिथेच राहिला. "कोन रं तो?"

"जुना जोडीदार. पयला खांद्याला खांदा लावून असायचे. मग वैर झालं. आता मधी भिंत हाय."

लोहवीर खरोखरच एका मोठ्या भिंतीपलीकडे राहतो, तू लिहिलं आहेस. संदेशने माझ्याकडे बघितलं, देवीकडे बघितलं, आणि पाषाणाला उजवीडावीकडे दोन कळे, फुलांच्या कळ्या, लावून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवी नवलाई, आज ह्यो तुजा लेकरू भिकू गणपत भुवड तुज्या पायाशी उबा ऱ्हायलाय…"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"त्याच्या जुन्या जोडीदारानं त्याच्याशी वैर धरलंय…"

"व्हय म्हाराजा!"

"त्याला सोडायचा असंल तर उजवा दे, आनि मारायचा असंल तर…" इथे संदेश एक पाऊल मागे सरकला. "…तर डावा दे."

एकटे मानकरी आबा, ज्यांना ऐकू येत नाही, तेवढे जोरात म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

डावा कळा पडला. लगेच. एवढा झटपट कौल नवलाईने मला विहिरीलासुद्धा दिला नव्हता.

मी नमस्कार केला आणि मोकळ्या मनाने म्हटलं, "बरं झालं. डोक्याला ताप होता. आज सांजेलाच उरकून टाकतो." प्रसाद घेतला. लोकांनी मला वाट करून दिली, तेव्हा वाटलं, पाणी सोडणाऱ्याला पौर्णिमेला तरी मान देतात. येताना लोहाराकडे धार लावायला दिलेला कोयता घेतला, माडाच्या झापा तोडायच्या होत्या. काल वाडीला पाणी उशिरा सुटलं, पण भांडायला कुणी आलं नाही. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

सांजेला दिवा लावून मी टीव्हीसमोर बसलो. रिमोट हातात घेतला आणि बाहेर चिरे गडगडल्याचा आवाज झाला. बघतो तर तुझे बाबा गडग्यावरून येत आहेत. रस्त्याने नव्हे, सरळ गडग्यावरून. आंघोळ केलेली, कपाळाला अंगारा, अंगात तुझ्या मावशीच्या लग्नातला सदरा. पलीकडून तुझी आई ओरडते आहे, "अवो, मागारी या!" आणि बांधावर अर्धी वाडी उभी.

"भिकू, भायेर ये."

इतक्या वर्षांनी माझं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मी काय बोलावं? म्हटलं, "दादा, वायंच थांब. त्याला मारतो नि येतो."

"त्याला म्हंजे?" दादा उंबऱ्यात आले. "मी हितं हाय. देवीनं कौल दिलाय ना? मग शिवा भुवड पळनारा नाय. मार. पन मरताना एक सांगून जातो. पालखी नाचवताना ठेका तुजाच चुकला व्हता."

बघ, स्वरूप. माणूस मरायला आला होता आणि तेवढं बोलायला विसरला नाही.

मी उठलो. "माजा? दादा, तू पुडं व्हतास! पुडच्यानं पाय टाकल्याबिगर मागचा टाकंल काय?"

"मागनं ढकललंस!"

"थांबलास तू!"

हेच ते. तुला कुणी कधी सांगितलं नाही, आज लिहितो. तू लहान असताना शिमग्याला पालखी नाचवायचा मान आम्हा दोघांचा असायचा. उंचीने सारखे, चालीने सारखे. पुढे दादा, मागे मी. त्या वर्षी आपल्याच खळ्यात ठेका चुकला, पालखी कलली आणि देवीचं रूपं, तो चांदीचा मुखवटा, एका अंगाला झुकलं. पडलं नाही, नुसतं झुकलं. पण सगळ्या गावाने बघितलं. कुणाचा पाय चुकला यावरून आम्ही बोललो, मग न बोलायचं ते बोललो, आणि पावसाच्या आधी गडगा उभा राहिला. कुणी चिरे आणले आणि कुणी रचले ते दोघांनाही आठवतं, कारण अर्धा त्यांनी रचला नि अर्धा मी.

आमचा आवाज चढला तशी काकी आतून म्हणाली, "भावजी, च्यात साखर अजून दोन चमचेच ना?"

दादा म्हणाले, "मेल्यावर च्या कोन पितो?" पण नाही म्हणाले नाहीत. काकीने पदराआड हसत त्यांना टीव्हीसमोर नेलं आणि सगळं सांगितलं. दादा पडद्याकडे बघत राहिले.

"ह्यो? ह्या लोखंड्याला मारायला तू देवीला इचारलंस?"

"मग कुनाला इचारू?"

"आनि माजी बायको सकाळपासनं जेवली नाय!"

मग ते खाली बसले आणि डोळे बारीक करून लोहवीराकडे बघू लागले. "ह्यो उबा कसा ऱ्हातो बग. डावा हात कमरंवर. मान वाकडी. ह्याला मी कुटंतरी बगितलाय." काकी हसू दाबत आत पळाली. मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. वादळवीर दर लढाईनंतर माझ्यासारखाच खांद्यावरच्या फडक्याने कपाळ पुसतो, तेही ओळखलं होतं. मागच्या पत्रात लिहिलं नाही इतकंच.

"ह्यांचं फाटलं कशावरनं?" दादांनी विचारलं.

"ते दाखवलेलं नाय."

दादांनी दारातून गडग्याकडे बघितलं. मीही. मागच्या पत्रात हा मी तुझा दोष म्हणून लिहिला होता. तो काढून टाक. तुला जे कुणी सांगितलंच नाही ते तू कुठून लिहिणार होतास?

कौल पाळायचा म्हणून मी 'संपव'वर अंगठा ठेवला. दादा म्हणाले, "दाब. देवीचा शब्द हाय." दाबलं. वादळवीराने असा ठोसा मारला की चिलखत फुटलं, आणि आतून लोहवीर बाहेर आला. जिवंत. विस्कटलेल्या केसांचा, साधा माणूस. संपलं ते चिलखत. 'सोड'ही मी नंतर करून बघितलं. त्यात तो चिलखतासकट उडून जातो आणि परत भेटत नाही. देवीने तुझा गेम माझ्या आधी खेळलेला दिसतो.

तर चिलखत फुटल्यावर पडद्यावर नावं सुरू झाली. मी बंद करणार होतो. दादा एकदम उठले. "थांब! ते काय गेलं?"

'कथा – स्वरूप शिवराम भुवड.'

"माजंबी नाव हाय," दादा म्हणाले. मग टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसले, पण तोवर नाव वर निघून गेलं होतं. "परत दाकव."

परत दाखवायला शेवटची लढाई परत करावी लागते. मी दुसऱ्या रिमोटचं प्लास्टिक फाडलं. तुला माहीतच आहे, तू नोकरीची परीक्षा सोडून पुण्याला गेलास तेव्हापासून हे सगळं दादांच्या लेखी पोरखेळ. काल त्याच माणसाने मला शिव्या घालत लोखंड्याशी लढाई केली, परत केली, आणि परत केली, नि दर वेळी शेवटी नाव यायच्या आत चष्मा पुसून तयार. खेळतात बरे, पण सतत पुढे धावतात. पडले की मी जवळ जाऊन उभा राहायचं, मग ते उठतात. दोघांनी खेळताना हा जो नियम तू ठेवला आहेस, तो मी गुणांत सगळ्यांत वर लिहितो.

एवढ्यात मानकरी आबा काठी टेकत आत आले. "उरकलं काय?"

"उरकलं," मी ओरडून सांगितलं.

आबांनी दादांकडे बघितलं, रिमोटकडे बघितलं, आणि जाताना गडग्यापाशी थांबले. दादांच्या पायाने तिथे चिरे सुटून भगदाड पडलं होतं. आबांनी ते काठीने मोजल्यासारखं केलं नि म्हणाले, "मानूस जाईल. पालखीला येवडी वाट पुरत नाय." बांधावरच्या माणसांना खून बघायला मिळाला नव्हता, त्यांनी मग चिरेच उचलायला घेतले. आज दुपारी शेवटचा चिरा निघाला. ते सगळे चिरे रचून पाडीला गोठा करणार आहोत. कुठे करायचा यावरून दादांचं नि माझं सकाळीच वाजलं.

यंदा पालखी येणार, आणि आमच्या दोघांच्याच खांद्यावर यावी असं आबांनी सांगितलं आहे. गुडघे पहिल्यासारखे नाहीत, म्हणून आज सांजेपासूनच आम्ही खळ्यात शिडी खांद्यावर घेऊन सराव सुरू केला. काकीने डबा वाजवला. तुझी आई म्हणते, ठेका दोघांचाही चुकतो. ते दोघांनाही मान्य नाही.

आता एक दोष उरला आहे, तो तुझ्या साहेबांना वाचून दाखव. मी माझा लिहीत नाही, दादा सांगताहेत तो लिहितो. म्हणताहेत, "त्याला लिव, नाव लय बिगीन जातं. जरा थांबव म्हनावं. बापसाला वाचायला येळ लागतो." लिहून झाल्यावर मी विचारलं, आणखी काही? तर म्हणाले, "नाय. होळीला ये म्हनावं. नाचवताना पुडं कोन, मागं कोन, ते त्यालाच इचारू."

आपल्या खळ्यातून,
तुझा काका भिकू,
आणि हे पत्र पाकिटात घालू न देता पुन्हा पहिल्यापासून वाचत बसलेले तुझे बाबा